दहा लाख ते सदतीस : दिल्लीच्या रस्त्यांवरील हायड्रोजनच्या मागणीचा इतिहास

जानेवारी २००६ मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळाने नवी दिल्लीत एक आराखडा स्वीकारला. रतन टाटा यांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू गटाने तो तयार केला होता. त्यात २०२० सालचे चित्र नेमक्या आकड्यांत रेखाटलेले होते. भारतीय रस्त्यांवर हायड्रोजनवर धावणारी १० लाख वाहने असतील. त्यांपैकी साडेसात लाख दुचाकी व तीनचाकी, दीड लाख मोटारी आणि टॅक्सी, एक लाख बस आणि व्हॅन. ग्राहकाला हायड्रोजन किलोमागे ६० ते ७० रुपयांत मिळेल, अशीही अपेक्षा होती.

२०२० साल आले आणि गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने हायड्रोजन वाहतुकीचे पाच पथदर्शी प्रकल्प जाहीर केले. त्या पाचही प्रकल्पांतील बस आणि ट्रक यांची एकूण संख्या ३७ आहे.

दहा लाख आणि सदतीस या आकड्यांतील अंतर पाहून आराखड्याच्या कर्त्यांना हसणे सोपे आहे. पण ती माणसे अजाण नव्हती, आणि त्यांच्या हाताशी असलेले भौतिकशास्त्रही चुकीचे नव्हते. हायड्रोजनच्या भावी मागणीचे नवे अंदाज आजही प्रसिद्ध होत आहेत, त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो आहे आणि अनेक विद्यार्थी त्यांच्या भरवशावर संशोधनाचे विषय निवडत आहेत. म्हणून पहिला अंदाज कुठे निसटला, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. हा इतिहास बहुतांशी दिल्ली, फरीदाबाद, गुरुग्राम आणि आसपासच्या परिसरात घडला.

हायड्रोजन जाळून समाज चालवण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२३ साली केंब्रिज येथील व्याख्यानात पवनचक्क्यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवण्याचे चित्र मांडले होते. (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि येथेच स्थायिक झाले.) ‘हायड्रोजन अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग रसायनशास्त्रज्ञ जॉन बॉक्रिस यांनी १९७० साली रूढ केला. मात्र सरकारांनी हे गांभीर्याने मनावर घेतले ते २००३ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी हायड्रोजन मोटारींच्या संशोधनासाठी १२० कोटी डॉलरची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये हायड्रोजनविषयक आंतरराष्ट्रीय भागीदारी स्थापन झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य बनला. राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची.

दिल्लीकरांना त्या काळी हे स्वप्न अशक्य वाटत नव्हते, याला एक स्थानिक कारण होते. नुकतेच त्यांनी एक इंधनबदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला, की राजधानीतील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर, म्हणजे दाबाखालील नैसर्गिक वायूवर, आणाव्यात. त्या वेळी दिल्लीत सीएनजीची केवळ ९ केंद्रे होती. ती ८० करण्याचा हुकूमही त्याच आदेशात होता. मुदती उलटल्या, पंपांपुढे रिक्षांच्या लांबच लांब रांगा लागल्या, वाहतूकदारांनी आणि राज्य सरकारनेही कुरकुर केली. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने रस्त्यावर राहिलेल्या डिझेल बसना रोजचा दंड लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस शहरातील शेवटची डिझेल बस बाजूला झाली.

या यशामागे काय काय होते, ते नीट पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, वायू आधीच दारात आला होता. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखालच्या दक्षिण बसीन क्षेत्रातला वायू गुजरातमधील हजिरा येथे किनाऱ्यावर येई आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीतून उत्तरेकडे जाई. वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या क्षेत्रातील वायूचा दिल्लीची हवा सुधारण्यात वाटा आहे, हे महाराष्ट्रातही फारसे कुणाला ठाऊक नसते. दुसरी गोष्ट, वाहनाचे इंजिन मुळापासून बदलावे लागत नव्हते. पेट्रोल रिक्षावर वायूची टाकी बसवता येत होती. तिसरी गोष्ट म्हणजे सक्ती. आणि चौथी, जिची नोंद बहुधा कुणी घेत नाही: त्या काळी सीएनजीला स्वस्त आणि स्वच्छ असा दुसरा प्रतिस्पर्धी नव्हता. पुरवठा, वाहन, सक्ती आणि प्रतिस्पर्ध्याचा अभाव, या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दिल्लीत सीएनजीची मागणी उभी राहिली.

२००६ च्या आराखड्याने मागणीचा आकडा धरला. पण हायड्रोजनच्या बाबतीत या चारपैकी एकही गोष्ट जुळलेली नव्हती. त्याचे कारण हायड्रोजनच्या स्वभावात आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२. वजनाच्या हिशेबात हायड्रोजनला तोड नाही. अडचण आकारमानाची आहे. सामान्य दाबाला तोच एक किलो वायू सुमारे १२ हजार लिटर जागा व्यापतो. बसच्या टाकीत तो वातावरणाच्या सुमारे ३५० पट दाबाखाली भरतात, मोटारीत ७०० पट. सीएनजीच्या टाकीतला दाब याच्या तुलनेत २०० ते २५० पट असतो. म्हणजे टाकी, झडपा, दाबयंत्र, पंप सारेच नवे लागते, आणि तेही अशा रेणूसाठी, जो सर्व रेणूंत लहान असल्यामुळे बारीकशा फटीतूनही निसटतो.

शिवाय हायड्रोजन समुद्रतळाखालून सीएनजीसारखा तयार हाती येत नाही. तो बनवावा लागतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवायला प्रत्यक्षात ५० ते ५५ किलोवॅट-तास वीज लागते. वीज एककाला पाच रुपये धरली, तर नुसत्या विजेचाच खर्च किलोमागे अडीचशे रुपयांच्या पुढे जातो. या मार्गाने ६०-७० रुपयांचा दर साधायचा तर वीज एककाला सव्वा रुपयाहून स्वस्त हवी, आणि यंत्रसामग्री फुकट.

तरीही त्या वर्षांत दिल्लीच्या परिसरात प्रामाणिक आणि कष्टाचे काम झाले. गुरुग्रामजवळच्या ग्वालपहाडी येथील सौर ऊर्जा केंद्रात सूर्याच्या विजेवर हायड्रोजन बनवण्याचे प्रयोग चालले. इंडियन ऑइलच्या फरीदाबाद येथील संशोधन केंद्रात २००५ साली हायड्रोजनमिश्रित सीएनजी भरण्याचे देशातील पहिले प्रायोगिक केंद्र उभे राहिले. २००९ मध्ये दुसरे केंद्र द्वारका येथील पंपावर सुरू झाले. आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एल. एम. दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून, महिंद्र आणि संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या साहाय्याने, ‘हायअल्फा’ ही तीनचाकी जन्मली. जानेवारी २०१२ मध्ये अशा १५ तीनचाकी प्रगती मैदानात लोकांपुढे आल्या आणि त्यांच्यासाठी तिथेच हायड्रोजन भरण्याची सोय करण्यात आली. गाडी चालत होती, धूर सोडत नव्हती. तांत्रिकदृष्ट्या तो प्रयोग निर्दोष म्हणावा असाच होता.

त्याच सुमारास प्रगती मैदानाच्या कुंपणाबाहेर, कोणत्याही आराखड्यात नाव नसलेले एक वाहन दिल्लीच्या गल्ल्यांत शिरत होते: ई-रिक्षा. शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या, स्वस्त मोटर, पत्र्याचा सांगाडा. ना तिला परवाना होता, ना धड नियम. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. पण तोवर ती हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आली होती आणि हजारो घरांची चूल तिच्यावर पेटत होती. अखेर २०१५ मध्ये संसदेने मोटार वाहन कायदाच दुरुस्त करून तिला मान्यता दिली. आराखड्यातील साडेसात लाख दुचाकी-तीनचाकींची जागा अशी भरली गेली. ई-रिक्षाला वेगळा पंप लागत नव्हता. भिंतीवरचा प्लग पुरत होता. आराखड्याने हायड्रोजनची स्पर्धा पेट्रोल-डिझेलशी आहे असे गृहीत धरले. प्रत्यक्षात स्पर्धक दुसराच निघाला. २०१० ते २०२० या दशकात लिथियम-आयन बॅटरीच्या संचाची किंमत सुमारे नऊ-दशांशाने उतरली, आणि मोटारी व दुचाकींच्या जगात हायड्रोजनसाठी राखून ठेवलेली जागा बॅटरीने घेतली.

पुढचा टप्पा होता मिश्रणाचा. शुद्ध हायड्रोजन कठीण, तर दिल्लीच्या सीएनजीतच तो मिसळावा, असा विचार पुढे आला. सप्टेंबर २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने १८ टक्के हायड्रोजन असलेल्या सीएनजीला वाहन-इंधन म्हणून मान्यता दिली. २० ऑक्टोबर २०२० रोजी राजघाट आगारात, दिवसाला ४ टन मिश्रण तयार करणाऱ्या इंडियन ऑइलच्या संयंत्राचे उद्घाटन झाले आणि ५० बसवर सहा महिन्यांची चाचणी सुरू झाली. हायड्रोजन वेगळा बनवून आणण्याऐवजी नैसर्गिक वायूच्याच एका भागाचे जागच्या जागी हायड्रोजनमध्ये रूपांतर करायचे, ही त्यातली युक्ती खरोखर कल्पक होती. हायड्रोजनमुळे ज्वलन अधिक पूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो.

मात्र ‘१८ टक्के’ हा शब्द जपून वाचला पाहिजे. तो आकारमानाचा हिस्सा आहे. एक घनमीटर हायड्रोजनमध्ये सुमारे ११ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर तेवढ्याच मिथेनमध्ये सुमारे ३६. हिशेब केला तर १८ टक्के आकारमानाचा हायड्रोजन मिश्रणातील ऊर्जेच्या जेमतेम ६ टक्के भरतो. शिवाय तो ६ टक्के भागही मुळात नैसर्गिक वायूतूनच आलेला. शहराच्या हवेला त्याचा थोडा लाभ होतो. हवामानबदलाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. जुन्या इंधनाचे ज्वलन सुधारण्याची ही चांगली रीत होती, पण तिने हायड्रोजनची स्वतंत्र मागणी निर्माण केली नाही.

त्यानंतर हायड्रोजन पुन्हा राष्ट्रीय बातम्यांत झळकला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय हायड्रोजन मिशनची घोषणा झाली. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजन मोटारीतून संसदेत पोहोचले. ‘मिराई’ या जपानी शब्दाचा अर्थच ‘भविष्य’. जळण्याऐवजी हायड्रोजन इंधनघटात ऑक्सिजनशी संयोग पावून वीज देतो आणि मागे उरते केवळ पाणी, हे अनेकांनी त्या दिवशी प्रथम ऐकले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी देशात विकसित केलेली इंधनघट-बस सादर झाली. ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली: तरतूद १९,७४४ कोटी रुपये, उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन.

सप्टेंबर २०२३ हा महिना दिल्लीच्या या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. २५ सप्टेंबरला कर्तव्यपथावरून हरित हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघट-बसना हिरवा झेंडा दाखवण्यात आला. बस टाटा मोटर्सने बनवल्या होत्या आणि हायड्रोजन फरीदाबादच्या केंद्रातून येत होता. एकूण १५ बसच्या योजनेतील पहिल्या २ त्या दिवशी निघाल्या. त्याच महिन्याच्या ५ तारखेला दिल्लीतच ४०० विजेवरच्या बस रस्त्यावर उतरल्या होत्या आणि शहरातील अशा बसची संख्या ८०० झाली होती.

या विषमतेमागे कुणाची लहर नव्हती. ऊर्जेचा साधा हिशेब होता. एक किलो हायड्रोजन बनवायला लागणारी ५५ किलोवॅट-तास वीज थेट बसच्या बॅटरीत भरली, तर चार्जिंगमधील तूट धरूनही बस सुमारे ४० किलोमीटर जाते. त्याच विजेतून मिळालेल्या एका किलो हायड्रोजनवर इंधनघट-बस ११-१२ किलोमीटर धावते. जिथे रात्री आगारात उभी राहून बस चार्ज होऊ शकते, तिथे हायड्रोजनला ही तिपटीहून मोठी तफावत भरून काढता येत नाही.

मिशनच्या खर्चाच्या वाटणीतही हे शहाणपण दिसते. १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी हायड्रोजनचे आणि तो बनवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन वाढवण्यासाठी आहेत. वाहतुकीच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी २०२५-२६ पर्यंत ठेवलेली रक्कम ४९६ कोटींची, म्हणजे एकूण तरतुदीच्या अडीच टक्के. बातम्यांत बस आणि मोटारी दिसतात. पैसा मात्र दुसरीकडे जातो. आणि तो जिथे जातो आहे, तिथेच पुढच्या काळातील मागणीचा खरा ठाव लागतो.

त्यासाठी दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटर उत्तरेला, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच असलेल्या पानिपतला जावे लागेल. तेथील इंडियन ऑइलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात डिझेलमधील गंधक काढण्यासाठी आज हायड्रोजन लागतोच. देशभर अशा कारखान्यांत आणि खतनिर्मितीत मिळून वर्षाला सुमारे ५० ते ६० लाख टन हायड्रोजन खपतो. तो जवळपास सगळा जीवाश्म इंधनांतून येतो, आणि नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या दर किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पानिपतला वर्षाला १० हजार टन हरित हायड्रोजन बनवण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. दिवसाला २०० किलोमीटर धावणाऱ्या एका बसला वर्षाकाठी सुमारे ६ टन हायड्रोजन लागेल. म्हणजे एका कारखान्यातील या एकाच प्रकल्पाची मागणी सोळाशेहून अधिक बसइतकी आहे. तिथे नवी वाहने नकोत, रस्त्यावर पंप नकोत, ग्राहकाचे मन वळवणे नको. आणि एका किलोने वाचणारा कार्बन जवळपास तेवढाच, जेवढा डिझेल बस हटवून वाचला असता.

मग वाहतुकीतील मागणी शून्यच राहील काय? तसेही नाही. जिथे बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ परवडत नाही, मार्ग ठरलेला आहे आणि एक-दोन पंपांवर भागते, तिथे हायड्रोजनचा दावा टिकून आहे. मार्च २०२५ च्या ३७ वाहनांचे दहा मार्ग नेमके अशा धर्तीवर निवडलेले आहेत: ग्रेटर नोएडा–दिल्ली–आग्रा, साहिबाबाद–फरीदाबाद–दिल्ली, पुणे–मुंबई आणि इतर. त्यांच्यासाठी ९ भरण-केंद्रे आणि सुमारे २०८ कोटींचे साहाय्य आहे. वीस वर्षांपूर्वी दहा लाखांचा आकडा धरला होता. आता मार्ग, टाकी आणि पंप मोजले जात आहेत. ३७ या आकड्याचे मोल इथे आहे.

या ३७ वाहनांपैकी १५ इंधनघटावरची आणि २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची आहेत. दिल्लीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. इंजिनात उच्च तापमानाला हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन संयोग पावून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, मग इंधन कोणतेही असो. ज्वलन जपून नियंत्रित केले तर ते पुष्कळ घटवता येतात. ते किती घटले, याचे मोजमाप या चाचण्यांतून लोकांपुढे यायला हवे.

रेल्वेची गोष्टही बोलकी आहे. जींद ते सोनिपत हा ८९ किलोमीटरचा मार्ग राजधानी क्षेत्रातच येतो. देशातील पहिल्या हायड्रोजन रेल्वेगाडीसाठी तो निवडला गेला आणि तिचे डबे चेन्नईच्या कारखान्यात घडले. डिझेलच्या जागी हायड्रोजन हा विचार योग्यच. परंतु भारतीय ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण आता जवळपास पूर्ण झाले आहे. तारा पोहोचल्या तिथे हायड्रोजनचे प्रयोजन उरत नाही. उरतात ते माथेरानसारखे डोंगरी वारसामार्ग, ज्यांचा उल्लेख रेल्वेच्या हायड्रोजन योजनेत झालेला आहे. तिथली मागणी खरी असेल, पण थोडी.

१९९८ ते २०२५ हा सारा प्रवास एकत्र पाहिला, की भावी मागणीचा कोणताही अंदाज वाचताना विचारायचे प्रश्न आपसूक समोर येतात. वायू कुठून आणि कोणत्या विजेवर येणार? टाकी आणि पंप कोण उभारणार? कुणावर काही बंधन आहे काय? आणि तेच काम अधिक स्वस्तात करणारे दुसरे साधन आजच रस्त्यावर फिरते आहे काय? २००६ च्या आराखड्याला हा चौथा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि त्याचे उत्तर तीन चाकांवर आले. २०३० साठीचे आकडे आता मांडले जात आहेत. विद्युत अपघटन, इंधनघट किंवा साठवण यांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने त्यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. पानिपतच्या कारखान्याला त्याची गरज आहे, खतकारखान्यांना आहे, कदाचित आग्र्याकडे जाणाऱ्या बसलाही असेल. त्याने आपल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मागणीचा आकडा लिहिण्यापूर्वी हे चार प्रश्न एकदा स्वतःला विचारावेत.